वाईन उदंड, पिणारे थोडे : जगाच्या वाईनबाजारात नेमकं बिघडलंय काय?

वेलबुट्टी

नमस्कार मंडळी,

जगभरातल्या वाईनचा हिशेब ठेवणारी ओआयव्ही नावाची आंतरसरकारी संस्था आहे. मुख्यालय फ्रान्समधल्या दिजाँ शहरात. तिच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे २१४ दशलक्ष हेक्टोलिटर वाईन खपली. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर, तेव्हा झाले साधारण २१४० कोटी लिटर. आकडा अवाढव्य वाटतो, पण खप इतका खाली याआधी १९६१ साली होता. त्या वेळी जगाची लोकसंख्या तीन अब्जांच्या आसपास होती, आज आठ अब्जांच्या वर आहे. माणशी भागाकार ज्याने त्याने करून बघावा.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : हल्लीची तरुण पिढी पीत नाही. मला हे उत्तर आळशी वाटतं. फ्रान्समध्ये १९६०च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाईन जायची. आता ती चाळिशीच्या आसपास आली आहे. ही घसरण सुरू झाली तेव्हा आजच्या तरुणांचे आईवडीलही शाळेत होते. अर्जेंटिनात १९७०च्या सुमारास माणशी नव्वद लिटरच्या घरात असलेला खप आता विशीच्या आत आलाय. इटली आणि स्पेनची गोष्टही याच वळणाची.

नाहीसा झाला तो रोजचा पिणारा. शेतात, कारखान्यात, बंदरावर राबणारा माणूस दुपारी आणि रात्री जेवणासोबत साधी, स्वस्त लाल वाईन घ्यायचा. त्याच्या लेखी ती चैन नव्हती, जेवणाचाच भाग होता. पुढे कामं बैठी झाली, दुपारचं जेवण अर्ध्या तासात उरकू लागलं, गाडी चालवून घरी जायचं म्हणून पेला बाजूला राहिला. त्याची मुलं वाईन पितात, पण शनिवारी. आणि चांगल्यातली पितात.

हा खड्डा पुढे दोन-तीन दशकं नव्या गिऱ्हाइकांनी झाकून ठेवला. आधी ब्रिटन आणि अमेरिका. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर 'फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, कारण लाल वाईन' अशा आशयाचा कार्यक्रम झाला आणि तिथे लाल वाईनचा खप उसळला. मग चीन आला. २००८ मध्ये हाँगकाँगने वाईनवरचं शुल्क शून्यावर आणलं, फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या नामांकित वाईनरींच्या वाईनच्या किमती आभाळाला भिडल्या. त्याच सुमारास जगाचा एकूण खप २५० दशलक्ष हेक्टोलिटरच्या आसपास, म्हणजे आधुनिक काळातल्या उच्चांकाजवळ होता. आता ही नवी गिऱ्हाइकंही मागे सरकली आणि झाकण निघालं.

दुसरी अडचण वेलीची. लावल्यापासून धड पीक यायला तीन वर्षं, त्यानंतर ती तीस-चाळीस वर्षं सहज फळते. बाग म्हणजे नळ नव्हे, मागणी घटली की बंद करायला. आज तोडणीला येणारी कित्येक द्राक्षं ज्या गिऱ्हाइकासाठी लावली होती, तो बाजारातून निघून गेलाय.

माझ्या मते दुखणं हे आहे : मागणी पाच वर्षांत कूस बदलते आणि बाग चाळीस वर्षं जागची हलत नाही. बाकी आयातशुल्क, आरोग्याच्या सूचना, हवामान यांनी हे दुखणं चिघळवलं, पण त्यांनी ते जन्माला घातलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

धागा आवडला, पण एक गाठ सुटत नाही. २०२३ मध्ये जगाचं उत्पादन २३७ दशलक्ष हेक्टोलिटर होतं. २०२४ मध्ये ते २२६च्या आसपास आलं, तेही साठ वर्षांतलं सर्वांत कमी. खप घटला, उत्पादनही घटलं. शिवाय सगळी वाईन पेल्यात जात नाही. ब्रँडी, व्हर्मूथ, व्हिनेगर यांच्यासाठी बरीच वळते. हे सगळं वजा केलं तर तराजू जवळपास बरोबर बसायला हवा. मग 'अतिरिक्त साठा' म्हणून एवढी ओरड कशाची?

वेलबुट्टी

हिशेबनीसकाका, प्रश्न बिनतोड आहे. बेरीज जुळते, वाटणी जुळत नाही. उत्पादन घटलं ते कुणी शहाणपणाने ठरवून घटवलं म्हणून नाही. २०२३ मध्ये स्पेनमध्ये दुष्काळ, इटलीत पावसाने केवडा हा बुरशीरोग. २०२४ मध्ये फ्रान्सच्या बऱ्याच भागांत ओली, गारठलेली वसंतऋतूची सुरुवात. वेली जवळपास तितक्याच आहेत, फक्त आकाशाने हात आखडला. जगात आजही सुमारे ७१ लाख हेक्टरवर द्राक्षवेली आहेत (यात खायची द्राक्षं आणि बेदाणेही आले). लागोपाठ दोन हंगाम चांगले गेले की टाक्या पुन्हा काठोकाठ.

आणि साठा सरसकट नाही. साचलीय ती मुख्यतः स्वस्त आणि मध्यम किमतीची लाल वाईन. इटलीतला प्रोसेक्को ही फसफसणारी वाईन करणारा आणि बोर्दोतला साधी लाल वाईन करणारा, दोघांनाही आपण 'वाईन उत्पादक' म्हणतो, पण त्यांचे धंदे निराळे आहेत. प्रोसेक्कोच्या वर्षाला साठ कोटींहून जास्त बाटल्या जातात.

तिरपा डोळा

म्हणजे युरोपात आधी बाग लावायला अनुदान, मग साचलेल्या वाईनचा औद्योगिक अल्कोहोल करायला अनुदान, मग बाग उपटायला अनुदान. मला पुढच्या जन्मी तिथला द्राक्ष बागायतदार कर रे देवा.

वेलबुट्टी

@तिरपा डोळा, विनोद ठीक, पण तो जन्म मागण्याआधी बोर्दोचे भाव बघून घ्या. तिथे ठोक वाईनचा सौदा 'तोनो'वर होतो, एक तोनो म्हणजे ९०० लिटर. साध्या बोर्दो लाल वाईनचा तोनो गेल्या काही वर्षांत हजार युरोच्याही खाली विकला गेलाय, आणि तेवढ्यात तिथल्या कित्येक बागायतदारांचा उत्पादनखर्चही निघत नाही. म्हणजे लिटरला एक युरोच्या आसपास भाव पडतो हो! त्यात छाटणी, फवारणी, तोडणी, टाकी, वीज, कर्जाचा हप्ता.

अनुदानाचा इतिहास मात्र तुम्ही म्हणता तसाच आहे. १९८०च्या दशकात युरोपात साचलेल्या वाईनला 'वाईनचं तळं' असं नावच पडलं होतं. २००८च्या सुधारणेनंतर युरोपीय संघाने तीन हंगामांत सुमारे एक लाख साठ हजार हेक्टर बागा पैसे देऊन उपटवल्या. २०१६ पासून नव्या लागवडीला परवाना लागतो आणि देशातलं क्षेत्र वर्षाला साधारण एक टक्क्याहून जास्त वाढू देत नाहीत. तरीही २०२३ मध्ये फ्रान्सवर वाईनचं ऊर्ध्वपातन करून तिचा औद्योगिक अल्कोहोल करायची पाळी आली. त्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद झाली. सॅनिटायझर, अत्तरं असल्या कामांना तो अल्कोहोल जातो, पेय म्हणून विकायला बंदी. २०२४ मध्ये हेक्टरी ४००० युरो देऊन बागा कायमच्या उपटायची योजना आली, अट ही की त्या क्षेत्रावर पुन्हा लागवडीचा हक्क सोडायचा. अर्ज सुमारे २७ हजार हेक्टरांचे आले.

रानवारा

मी मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

बाटलीत भरलेली वाईन म्हणजे बरंचसं वजन काचेचं. त्यामुळे स्वस्त वाईन आता बरीचशी बाटलीतून प्रवास करत नाही. वीस फुटी कंटेनरमध्ये प्लास्टिकची एक भलीमोठी पिशवी पसरतात, तिला फ्लेक्सिटँक म्हणतात, आणि तिच्यात २४ हजार लिटरपर्यंत वाईन भरतात. चिली, ऑस्ट्रेलिया, स्पेन, दक्षिण आफ्रिका इथून ती ब्रिटन किंवा जर्मनीत जाते आणि गिऱ्हाइकाच्या दाराशी बाटलीत भरली जाते. सोय उत्तम, पण परिणाम असा की शेतकऱ्याची ओळख पिशवीतच बुडते. खरेदीदाराला लाल, कोरडी, अमुक टक्के अल्कोहोलची वाईन हवी असते. ती चिलीची की स्पेनची, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लिटरला दोन सेंट कमी मिळाले की तो देश बदलतो. वाईन ही 'मातीची चव' वगैरे जे आपण वाचतो ते वरच्या थराचं. खालचा थर तेलाच्या बाजारासारखाच चालतो.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बोलकं आहे. एका गिऱ्हाइकावर किती विसंबावं याचं. चीन हा त्यांचा सर्वांत किफायतशीर बाजार झाला होता, वर्षाला अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. दोन्ही सरकारांचं बिनसलं, २०२० च्या अखेरीस चीनने जबर शुल्क लावलं, मार्च २०२१ मध्ये ते पाच वर्षांसाठी कायम केलं आणि काहींना ते २१८ टक्क्यांपर्यंत गेलं. निर्यात जवळजवळ शून्यावर. रिव्हरलँड आणि रिव्हरिना या कालव्याच्या पाण्यावरच्या भागांत शिराझ आणि काबर्ने ही लाल जातींची द्राक्षं मातीमोल झाली. मार्च २०२४ मध्ये शुल्क उठलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पेनफोल्ड्ससारख्या महागड्या नावांचं लगेच सुरू झालं. स्वस्तवाल्यांना उमगलं की मधल्या काळात चिनी बाजारच आटलाय. २०२४ मध्ये चीनचा सगळा खप ५.५ दशलक्ष हेक्टोलिटर. २०१८ पासून सरासरी वर्षाला वीसेक लाख हेक्टोलिटरने घसरत आलाय.

तेव्हा वेलबुट्टीताई, 'शुल्काने दुखणं जन्माला घातलं नाही' हे जगाच्या बाबतीत खरं असेल. रिव्हरलँडच्या बागायतदाराला जाऊन सांगा.

हिशेबनीस

रानवारांच्या प्रतिसादाला +१. चीनबद्दल थोडी भर. तिथली मागणी मुळात किती खरी होती? मोठा वाटा भेटवस्तूंचा आणि सरकारी-व्यापारी मेजवान्यांचा. विकत घेणारा एक, पिणारा दुसरा, आणि दोघांनाही चवीशी फारसं कर्तव्य नाही. २०१२-१३ मध्ये भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत सरकारी मेजवान्यांना चाप बसला तेव्हा पहिला धक्का बसला होता. पुढे घरबांधणीचा फुगा फुटला. चिनी मालकांनी बोर्दोत शंभराहून जास्त शातो (बागेसकट वाईनरी) घेतले होते, त्यातले बरेच आता विक्रीला आहेत.

एक वाचक

सगळे बागा आणि शुल्कावर बोलताहेत, आरोग्याचं कुणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी अल्कोहोल आणि कर्करोगाच्या संबंधावर सूचना काढली. ऑगस्ट २०२५ च्या गॅलपच्या पाहणीत 'मी पितो' म्हणणारे प्रौढ अमेरिकी ५४ टक्के निघाले, १९३९ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी. १९९१ मध्ये 'लाल वाईन हृदयाला चांगली' म्हणून जो फुगा फुगवला, त्यालाच आता टाचणी लागलीय. यात वाईन उद्योगाबद्दल मला तरी काडीचीही सहानुभूती वाटत नाही. फायद्याचं होतं तोवर विज्ञान, तोट्याचं झालं की 'संस्कृतीवर हल्ला'.

तिरपा डोळा

आणि वजन उतरवायची ती नवी इंजेक्शनं घेतली की म्हणे पिण्याचीही इच्छा मरते. जेवणही गेलं, वाईनही गेली. उरलं काय, तर बिल.

वेलबुट्टी

@एक वाचक, ढोंगाबद्दल शंभर टक्के सहमत. पण आरोग्यामुळे बिअर आणि कडक दारूवरही तेवढाच घाव बसायला हवा. मग वाईनमध्येही लाल वाईनच का एवढी आपटली? अल्कोहोल पांढरीत आणि फसफसणाऱ्या वाईनमध्येही आहेच की. लाल वाईनचा जगातला खप २००७ च्या सुमाराच्या शिखरानंतर उतरत आलाय, पांढरी आणि रोझे (गुलाबी) त्यामानाने टिकून आहेत. मला वाटतं इथे आरोग्यापेक्षा प्रसंग बदलला. लाल वाईनला जेवण लागतं, बैठक लागते, वेळ लागतो. थंडगार पांढरी उभ्या उभ्या, गप्पा मारत चालते. त्यात उन्हाळे लांबताहेत. शॅम्पेनलाही सुटका नाही म्हणा, २०२२ मध्ये ३२.६ कोटी बाटल्या गेल्या होत्या त्या २०२४ मध्ये २७.१ कोटींवर आल्या. पण त्याचं कारण बरंचसं किंमत. शॅम्पेनवाल्यांनी करोनानंतरच्या तेजीत भाव चढवले आणि गिऱ्हाईक निम्म्या पैशांत प्रोसेक्को किंवा क्रेमाँ या फ्रान्समधल्याच दुसऱ्या फसफसणाऱ्या वाईनकडे वळलं.

काही बागायतदार यावर एक हुशारीचा तोडगा काढतात. लाल जातीची वेल मुळासकट न उपटता जुन्या खोडावर पांढऱ्या जातीचं कलम बांधायचं. मुळं तीच, त्यामुळे पुढच्या एक-दोन हंगामांत पीक येतं. पण जिथे प्रांताचं नाव लावून विकायचं तिथे नियमांचं पुस्तक आडवं येतं. अमुक नावाखाली फक्त लालच, अमुक जातीच. शतकभरापूर्वी भेसळीपासून वाचवायला केलेले नियम आता हात बांधताहेत.

चौकस

करांच्या बाबतीतली एक गंमत. २०१९ च्या ऑक्टोबरात विमानं बनवणाऱ्या एअरबस-बोइंग कंपन्यांच्या भांडणात अमेरिकेने फ्रान्स, स्पेन, जर्मनी, ब्रिटन यांच्या वाईनवर २५ टक्के शुल्क लावलं, पण १४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्याच वाईनवर. त्याहून कडक वाईन सुटली. आता ब्रिटन बघा. ऑगस्ट २०२३ पासून तिथे जितकी कडक वाईन तितका जास्त कर. ११.५ ते १४.५ मधल्या सगळ्या वाईनला काही काळ एकच दर धरायची सवलत होती, ती १ फेब्रुवारी २०२५ ला संपली. आता टक्क्याच्या दहाव्या भागागणिक कर बदलतो. म्हणजे एकीकडे उत्पादकाला वाटत होतं १४.१ असती तर बरं, दुसरीकडे वाटतं ११ वर आणता आली तर बरं.

आणि वर ऊन! उन्हाळा कडक की द्राक्षात साखर जास्त, साखर जास्त की अल्कोहोल जास्त. तेव्हा हवामान बदलाचा कर ब्रिटिश गिऱ्हाईक थेट बाटलीमागे भरतंय. मोठ्या कंपन्या ११ टक्क्यांच्या वाईन काढू लागल्या आहेत. लवकर तोडणी करायची किंवा यंत्राने थोडा अल्कोहोल काढून घ्यायचा.

२०२५ मध्ये ट्रम्प यांनी मार्चमध्ये युरोपीय वाईनवर २०० टक्क्यांची धमकी दिली. शेवटी जुलैत १५ टक्क्यांवर तडजोड झाली. पण धमकीच्या त्या महिन्यांत आयातदारांनी नव्या ऑर्डरीच थांबवल्या. बोटीवर माल चढवताना एक दर आणि उतरवताना दुसरा, असं असेल तर कोण चढवेल? शिवाय तिथे १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यापासून आयातदार, वितरक आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची उतरंड आहे. प्रत्येक जण आपला नफा टक्क्यात काढतो, त्यामुळे बंदरावरचं शुल्क शेवटच्या किमतीत फुगून दिसतं. शुल्काने फक्त परदेशी माणूस मरतो असंही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनी अमेरिकी वाईन फळीवरून काढून टाकली. कॅलिफोर्नियावाल्यांची सर्वांत मोठी परदेशी बाजारपेठ होती ती.

हिशेबनीस

कॅलिफोर्नियावरून आठवलं. २०२४ मध्ये तिथलं गाळप सुमारे २८ लाख शॉर्ट (अमेरिकी) टनांवर आलं, वीस वर्षांतलं नीचांकी. पण पीक तेवढंच होतं असं समजू नका. खरेदीदारच नाही म्हणून बरीच द्राक्षं वेलीवरच राहिली. तोडणीची मजुरी देऊन तोटा वाढवण्यापेक्षा पक्ष्यांना दिलेली बरी, असा सरळ हिशेब.

बड्या कंपन्यांनी वारा आधीच ओळखला. कॉन्स्टेलेशन या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये स्वस्त वाईनचे ब्रँड गॅलोला दिले, २०२५ मध्ये उरलेले बरेचसे द वाईन ग्रुपला. पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने जेकब्स क्रीक, कॅम्पो व्हिएहो वगैरे वाईनचे ब्रँड विकायला काढले. ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त लेबलं आहेत, ते तिमाहीत बाहेर पडू शकतात. वेलबुट्टीताईंचा चाळीस वर्षांचा मुद्दा इथे खरा बोचतो. बाग असलेल्याला विकायचीच झाली तर घेणारा कोण?

शून्य प्रहर

अल्कोहोल काढलेल्या वाईनबद्दल कुणी लिहील का? वाढणारा भाग म्हणून तिचं नाव सारखं ऐकतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये तिला कायद्यात जागा दिली. एवढा कडक इटली, त्यानेही २०२४ च्या डिसेंबरात परवानगी दिली. साठलेल्या लाल वाईनला ही वाट नाही का?

रानवारा

@शून्य प्रहर, वाट आहे पण अरुंद. ही वाईन म्हणजे द्राक्षरस नव्हे. आधी पुरती वाईन करायची, मग निर्वात टाकीत कमी तापमानाला अल्कोहोल उडवायचा, किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसच्या गाळणीतून काढायचा. म्हणजे वाईनचा सगळा खर्च अधिक यंत्राचा खर्च, आणि वर आकारमानही घटतं. काही देशांत कर वाचतो तेवढाच दिलासा. दुसरं, अल्कोहोल गेला की अंगही जातं आणि वासही. फसफसणाऱ्या पांढऱ्या वाईनमध्ये बुडबुडे आणि थोडी साखर ती उणीव झाकतात. लाल वाईनमध्ये उरतो तो उघडा तुरटपणा. म्हणजे ज्या वाईनचा साठा आहे तिलाच ही प्रक्रिया सर्वांत कमी मानवते.

चौकस

बागा उपटायच्या चर्चेत एक गोष्ट राहिली. बोर्दोची २०२३ ची योजना हेक्टरी ६००० युरोंची, सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांसाठी होती. कागदावर तिचं कारण 'अतिरिक्त उत्पादन' नाही, 'वनस्पतींचं आरोग्य' आहे. फ्लावेसाँस दोरे नावाचा वेलींचा रोग तिथे आहे, तुडतुडे तो एका वेलीवरून दुसरीकडे नेतात आणि लागलेली वेल उपटण्यावाचून इलाज नाही. जो बागायतदार बुडाला, त्याने फवारणी सोडली, बाग तशीच वाऱ्यावर टाकली, ती रोगाचं आगर होते आणि बांधापलीकडच्या धडधाकट शेजाऱ्याला घेऊन बुडते. निव्वळ भाव सावरायला बागा उपटणं युरोपीय नियमांत अवघड, रोग आवरायला उपटणं सोपं. म्हणून दार ते निवडलं.

तिरपा डोळा

म्हणजे मी म्हणालो तसंच, अनुदान मिळायला आजारी पडावं लागतं.

वेलबुट्टी

@चौकस, हा मुद्दा मोलाचा आहे, धन्यवाद. एक प्रश्न राहतोच. उपटणारे बहुतेक निवृत्तीला आलेले, वारस नसलेले बागायतदार. ते ६००० किंवा ४००० घेऊन मोकळे होतील. पण पस्तिशीतला माणूस, ज्याने २०१८ मध्ये कर्ज काढून लाल जातींची बाग लावली, त्याची वेल आत्ता कुठे भरात आलीय. उपटली तर कर्ज फिटत नाही, ठेवली तर तोनो विकला जात नाही. अशांसाठी कुठल्या देशाने काही केलंय का? कर्जाची फेररचना, कलमं बांधायला मदत, काहीही. कुणी त्या बाजूचं वाचलं असेल तर लिहा.